अक्षरापासून बांधणीपर्यंत: गल्लीतल्या पाट्यांचं हातपुस्तक

डिझाइन कॉलेजात पहिल्या-दुसऱ्या वर्षी हाताने करायची कामं सुटी सुटी येतात. एका आठवड्यात कॅलिग्राफी, पुढच्या महिन्यात लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेलं चित्र), सेमिस्टर संपता संपता पुस्तकबांधणी. सबमिशन झालं, ज्युरी झाली, शीट फोल्डरमध्ये गेली की विषय मिटला. प्रत्येक तंत्राची तोंडओळख होते, पण एका तंत्रातला निर्णय दुसऱ्याला कुठे नडतो हे कधीच कळत नाही. कागद चुकीच्या दिशेने कापला तर त्याचा त्रास कापताना होत नाही, तीन आठवड्यांनी पुस्तक बांधताना होतो. तोवर छपाई होऊन गेलेली असते.

म्हणून इथे तिन्ही कामं एकाच वस्तूत गुंफली आहेत. वस्तू लहान आहे: ए-६ आकाराचं, ३२ पानांचं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक. विषय तुमच्या गल्लीतल्या किंवा बाजारातल्या रंगवलेल्या पाट्यांचा. सहा पाट्या, सहा लिनोकट, समोरच्या पानावर बोरूने लिहिलेला मजकूर, आणि आठ प्रती. कॉलेजचं काम सांभाळून महिना-सव्वा महिना लागेल. पावसाळा सोडून काढलात तर बरं; का ते पुढे येईलच.

आधी शेवट ठरवा

काम अक्षरांपासून सुरू होणार असलं तरी पहिला निर्णय बांधणीचा. पुस्तकाचा आकार आणि कागदाची दिशा.

यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेला झोपलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ आणि गुळगुळीत बसते, आडवी घातली तर कागद कुरकुरतो, घडीवर तडकतो. पुस्तकात ही दिशा कण्याला समांतरच हवी. नाहीतर पानं नीट उलटत नाहीत, ताठ उभी राहतात, आणि खळीचा ओलावा लागला की कण्याजवळ सुरकुत्या पडतात. दिशा ओळखायला कागद न मोडता नुसता दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहा. जिकडे कमी विरोध, त्या वळणाला समांतर तंतू. खात्री हवी असेल तर हातभर तुकड्याची एक बाजू ओली करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जाईल तीच तंतूंची दिशा.

आता गंमत बघा. बाजारात मिळणारा ए-४ कागद बहुधा लांबीच्या दिशेने तंतू असलेला असतो. तो एकदा घडी घालून ए-५ पुस्तिका केली, जी सगळेच करतात, तर कणा येतो २१० मिलिमीटरच्या बाजूला आणि तंतू जातात त्याला आडवे. म्हणजे चूक. तोच कागद मधोमध कापून दोन ए-५ तुकडे केले आणि प्रत्येकाची पुन्हा घडी घातली, तर ए-६ पान तयार होतं, कणा १४८ मिलिमीटरचा आणि तंतू त्याला समांतर. ए-६ निवडण्याचं कारण एवढंच आहे. आकार गोंडस दिसतो म्हणून नाही.

कागद १३० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम) आसपासचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, घ्या. त्याहून पातळ घेतला तर लिनोची छपाई मागे उमटते आणि ३२ पानांचं पुस्तक पुठ्ठ्यात हरवून जातं. पुण्यात शिवाजीनगरच्या हॅन्डमेड पेपर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मिळणारा सुती चिंध्यांचा हातकागद मोह पाडतो, पण तो अस्तराच्या पानांसाठी आणि कव्हरसाठी ठेवा. आतल्या मजकुराला का नको, ते झेरॉक्सच्या टप्प्यावर सांगतो. एका प्रतीला चार ए-४ लागतात. आठ प्रतींना बत्तीस, आणि वाया जाणारे धरून पंचेचाळीस-पन्नास.

यानंतर डमी. साध्या रद्दी कागदाचे आठ ए-५ तुकडे करा. दोन-दोन एकात एक घालून घडी घाला. असे चार जुजबी फर्मे, म्हणजे एकत्र शिवायचे घडीचे गठ्ठे, होतील, प्रत्येकी आठ पानांचे. ते एकावर एक ठेवून पेन्सिलने १ ते ३२ क्रमांक टाका आणि मग उलगडा. पहिल्या फर्म्यात एका बाजूला ८ आणि १ शेजारी दिसतील, उलट बाजूला २ आणि ७. आतल्या तुकड्यावर ६ आणि ३, उलट बाजूला ४ आणि ५. शेजारच्या दोन पानांची बेरीज पहिल्या फर्म्यात नेहमी ९, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात ४१, चौथ्यात ५७. हा ताळा जुळला की मांडणी बरोबर. सॉफ्टवेअर हे आपोआप करतं हे खरं, पण तरी डमी हाताने करा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय हातात डमी धरूनच घ्यायचा आहे.

लिनोकट ५, ९, १३, १७, २१ आणि २५ या पानांवर येऊ द्या, मजकूर त्यांच्या डावीकडच्या पानांवर. सगळी चित्रं उजव्या हाताला येतात, त्यांची पाठ कोरी राहते, आणि एका ए-५ तुकड्यावर एकच ठसा पडतो. एका तुकड्यावर दोन ठसे आले तर पहिला वाळेपर्यंत दुसरा थांबवावा लागतो.

पाट्या गोळा करणं

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला, ज्याच्या मागोमाग १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात लोट्याबद्दल एक प्रसिद्ध उतारा आहे. लोट्यात पाणी किती मावतं, तो रिकामा आणि भरलेला हाताला कसा लागतो, ओतताना कसा वागतो, डोक्यावर, कमरेवर कसा बसतो, असे साधे प्रश्न एकामागून एक. पाटीसमोर उभं राहून तसेच प्रश्न विचारा. ही पाटी किती लांबून वाचायची आहे? रस्त्यावरून चालत येणाऱ्याला, की एसटीच्या खिडकीतून? पेंटरला जागा कमी पडली तेव्हा त्याने काय आवळलं, मात्रा की अक्षरांमधलं अंतर? शिरोरेषा सलग आहे की शब्दाशब्दाला तुटलेली? सावली कुठल्या बाजूला टाकली आहे?

फोटो पाटीच्या अगदी समोरून काढा. खालून काढला तर अक्षरं वर निमुळती होतात आणि ट्रेसिंग करताना तुम्ही पेंटरच्या अक्षराचं नव्हे, स्वतःच्या उंचीचं चित्र काढता. दुकानदाराला विचारून काढा; बहुतेक जण हो म्हणतात आणि वर पेंटर कोण होता तेही सांगतात. पीठगिरणी, सायकल दुरुस्ती, रसवंतीगृह, जुन्या वाड्यावरची नावाची पाटी, 'भाड्याने देणे आहे' अशी हाताने लिहिलेली पाटी, सगळं चालेल. फ्लेक्स मात्र नको. संपूर्ण पाटी घेऊ नका. एक अक्षर किंवा फार तर दोन-तीन अक्षरांचा तुकडा निवडा, कारण ठसा ७५ बाय १०५ मिलिमीटरचा आहे आणि त्यात पूर्ण 'श्री गणेश फ्लोअर मिल' कोरायचा हट्ट धरला तर कोणतंच अक्षर धड येत नाही.

बोरू

डावीकडच्या पानांचा मजकूर चार-पाच ओळींचा: पाटी कुठली, अक्षरात काय दिसलं. तो बोरूने लिहायचा.

बोरूची काडी पेन्सिलीएवढी लांब कापून घ्या. एका टोकाला धारदार चाकूने लांब तिरपा काप द्या, आतला मऊ गाभा खरवडा, दोन्ही बाजूंनी छाटून टोक हवं तेवढं रुंद करा आणि शाई उतरायला मधोमध बारीक चीर द्या. शेवटचा काप काचेवर किंवा टणक लाकडावर ठेवून एका दाबात. दोन दाबांत केला की कडेला कुसळ राहतं आणि प्रत्येक फराट्याला दुसरी पुसट रेघ उमटते. देवनागरीसाठी हे टोक तिरपं छाटतात, आणि रोमन कॅलिग्राफीच्या तिरक्या निबच्या उलट दिशेला. त्यामुळे बाजारातली रोमनसाठीची तिरकी निब आणून देवनागरी लिहायला बसलात तर मनगट विनाकारण पिळवटतं. काडी मिळाली नाही तर आइसक्रीमची लाकडी काडी छाटून काम भागतं.

कोन बरोबर आहे का, हे तपासायला कोनमापक लागत नाही. एक आडवी शिरोरेषा ओढा, तिला लागून खाली एक काना ओढा. दोन्हींची जाडी सारखी आली तर टोक पंचेचाळीस अंशांवर आहे. काना जाड आणि शिरोरेषा बारीक आली तर टोक फार आडवं धरलंय, उलट असेल तर उभं. पहिली काही पानं नुसती ही जोडीच लिहा. कंटाळा येईल, येऊ द्या.

अक्षराची उंची टोकाच्या रुंदीच्या पाचपट धरून सुरुवात करा आणि ओळींमध्ये जागा सढळ ठेवा. वर वेलांटी, रफार, मात्रा. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. रोमनच्या हिशेबाने ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा 'कृ' खालच्या ओळीच्या 'र्की'वर आदळतो. ए-६ पानात मोठ्या अक्षराच्या सात ओळींपेक्षा जास्त बसत नाहीत, तेव्हा मजकूर कापा, अक्षर बारीक करू नका. आणि मराठीचा 'ल' आणि 'श' लिहा. पाकळीचा ल, देठाचा श. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपं ठरवून दिली आहेत, पण फोनवरचे बरेचसे फॉन्ट हिंदी वळणाची रूपं दाखवतात आणि पाहून पाहून हातालाही तीच सवय लागते.

नमुने म्हणून इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन निर्णयसागर छापखान्याची पुस्तकं मागा. जावजी दादाजींच्या या छापखान्यातल्या टंकांत लेखणीचं वळण अजून दिसतं: कुठे दाब वाढला, कुठे सुटला. विंडोजमुळे घरोघरी पोचलेला 'मंगल' फॉन्ट करणारे र. कृ. जोशीही मुळात कॅलिग्राफर. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ते शिकवायचे. स्क्रीनवरच्या अक्षराला हातातल्या टाकाचा काय संबंध, असं विचारणाऱ्याला एवढं उत्तर पुरावं.

झेरॉक्स, पण जपून

आठ प्रतींचा मजकूर आठ वेळा लिहायचा नाही. एकदाच नीट लिहून, डमीच्या हिशेबाने ए-४ वर चिकटवून, कार्ट्रिजवर झेरॉक्स काढायच्या. याला काही शिक्षक नाक मुरडतात. मला त्यात गैर वाटत नाही. अक्षर हाताचंच आहे, प्रती काढायचं साधन वेगळं आहे.

दुकानात जाण्याआधी मास्टरवर, म्हणजे चिकटवून तयार केलेल्या मूळ पानावर, कोपऱ्यात बरोबर १०० मिलिमीटरची रेघ मारा. पहिली प्रत निघाली की तिथेच पट्टीने मोजा. ९७ भरली तर मशीन 'पानात बसवा'च्या सेटिंगवर आहे, आणि तसंच काढत राहिलात तर पाठपोट पानं एकमेकांवर बसणार नाहीत. जाड कागद मशीनला चालेल का, हेही आधी विचारा. बाजूच्या हाताने घालायच्या ट्रेमधून तो सरळ जातो. हातकागद इथे नको म्हटलं ते यासाठी: टोनर उष्णतेने कागदावर बसवलेला असतो, आणि खरखरीत पृष्ठभागावर तो खळग्यांत पोचत नाही. बोट फिरवलं तरी कणाकणाने निघतो.

त्याच उष्णतेमुळे क्रम ठरतो. झेरॉक्स आधी, लिनो नंतर. तेलाच्या शाईचा ठसा मशीनमध्ये गेला तर शाई रुळांना लागेल आणि दुकानदार तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही.

प्रती निघाल्या की सगळे ए-४ मधोमध कापा. आता हातात ए-५ तुकडे आहेत, मजकूर छापलेला, चित्रांच्या जागा कोऱ्या.

लिनो

लिनोलियम ही मुळात फरशी झाकायची वस्तू. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने अळशीचं तेल हवेने घट्ट होऊ देऊन, त्यात बुचाची पूड मिसळून, तागाच्या कापडावर थापून ती तयार केली. कोरायला ती लाकडापेक्षा सोपी, कारण तिला रेषाच नाहीत. हत्यार कुठल्याही दिशेला सारखंच चालतं. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीतल्या आपल्या छोट्या खोलीत राहून लिनोवर अप्रतिम काम केलं. नंदलाल बोस यांचा १९३० चा दांडीयात्रेतल्या गांधीजींचा लिनोकट तुम्ही पाहिलाच असेल: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांतून उभे राहिलेले काठीधारी बापू. कोरायला बसण्यापूर्वी तो पुन्हा नीट बघा. हत्यार जिथे फिरलं तिथे पांढरं, बाकी सगळं तसंच काळं. कमीत कमी कोरून जास्तीत जास्त सांगितलंय.

इथेच पाटीच्या प्रत्येक अक्षरासाठी एक निर्णय घ्यायचा आहे. अक्षर पांढरं ठेवायचं, म्हणजे अक्षरच कोरून काढायचं? की काळं, म्हणजे अक्षर सोडून भोवतालचं सगळं काढायचं? पांढरं सोपं. काळ्यात देवनागरी परीक्षा घेते. अनुस्वार आणि चंद्रबिंदू भोवतालचं सगळं गेल्यावर एकटे उभे राहतात आणि हत्यार निसटलं की उडतात. त्यांच्या बाजू उतरत्या ठेवा, बुडाशी रुंद आणि माथ्यावर अरुंद. 'ळ', 'ह', 'क्ष' यांच्या पोटातली पोकळी एक मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवली तर पहिल्या तीन ठशांत शाईने बुजते. सहांपैकी चार पांढरी आणि दोन काळी करा, म्हणजे दोन्ही कळेल आणि जीव जाणार नाही.

चित्र उतरवायला ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने अक्षर काढा, कागद पालथा करून लिनोवर ठेवा आणि मागून चमच्याने घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं आणि छापल्यावर सुलटं येतं. कोरायच्या आधी आरशात बघाच. मग उलटं अक्षर बॉलपेनने गिरवून घ्या, पेन्सिल हाताच्या घामाने पुसते.

जुना लिनो कडक होतो आणि तुकडे पडत कोरला जातो. थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा शेकायच्या पिशवीवर धरा, लोण्यासारखा होतो. एक फळी घ्या, तिच्या एका कडेला खालून आणि समोरच्या कडेला वरून लाकडी पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. कोरणारा हात पुढे जातो आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. हे कुणी वाचून पाळत नाही, एकदा पाहून पाळतात, म्हणून अशा फळीशिवाय बसूच नका. आधी बारीक व्ही-पात्याने अक्षराची कड, मग रुंद यू-पात्याने मोकळा भाग. वळण कोरताना हत्यार वळवू नका. हत्यार स्थिर धरून लिनो फिरवा. शिरोरेषा कोरताना पोलादी पट्टी धरायचा मोह होतो, पण पेंटरने ती हाताने ओढली होती, तुम्हीही हातानेच काढा.

मोकळ्या भागात पात्याच्या काही उभ्या रेघा राहतात आणि त्या छापल्या जातात. काहींना त्या खुपतात, काहींना आवडतात. माझं मत: पाटीच्या पार्श्वभूमीला त्या शोभतात, अक्षराच्या पोटात मात्र एकही नको.

छपाई

शाई तेलाची घ्या. पाण्याच्या शाया कडक उन्हाळ्यात रोलरवरच वाळतात. ब्लॉक प्रिंटिंगची खास शाई महाग पडत असेल तर जवळच्या ऑफसेट प्रेसमध्ये जाऊन थोडी काळी मागा. डब्यातली एवढीशी शाई सहा ठशांना पुरून उरते. काचेवर शाई पसरून रोलर सगळ्या दिशांनी फिरवा आणि कान द्या. थर बरोबर असला की रोलर एकसारखा सरसर आवाज करतो. चिकट, चपचप असा आवाज येत असेल तर शाई जास्त आहे आणि बारीक जागा बुजणार आहेत. काचेवर पृष्ठभाग मखमलीसारखा दिसला पाहिजे, चमकदार नाही.

प्रत्येक तुकड्यावर ठसा एकाच जागी पडावा म्हणून एक साधी चौकट करा. जाड पुठ्ठ्यावर ए-५ कागदाची बाह्यरेषा आखा, तिच्या दोन कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून काटकोन करा. आत, डमीवरून मोजून, लिनोची जागा आखा आणि तिथेही एक छोटा काटकोन, तोही लिनोपेक्षा पातळ पुठ्ठ्याचा. लिनो आतल्या काटकोनात, त्यावर कागद बाहेरच्या काटकोनात टेकवून सोडायचा. चौकटीवर कागद पालथा जातो हे लक्षात ठेवा. उजव्या पानावरचं चित्र चौकटीत डाव्या बाजूला येतं. इथे घोटाळा होतोच, म्हणून पहिला ठसा रद्दी कागदावर घ्या आणि डमीशेजारी ठेवून बघा.

कागदावर एक पातळ कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने किंवा गुळगुळीत वाटीच्या बुडाने मधून कडेकडे घासा. एका कोपऱ्यावर हात ठेवून दुसरा कोपरा उचलून पाहा, कुठे फिकं असेल तर पुन्हा टेकवून तेवढाच भाग घासा. पहिले दोन-तीन ठसे फिकटच येतात, लिनो अजून शाई पीत असतो. पुढचे सुधारत जातात. आठ चांगले हवेत तर अकरा-बारा काढा.

तेलाची शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, नुसती सुकत नाही. कोरड्या हवेत दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले तुकडे दोन-तीन दिवसांत हाताळता येतात. जुलैत मुंबईत किंवा कोकणात हेच काम काढलं तर आठवडा-दीड आठवडा जातो, आणि तेवढ्यात कागदही ओलावा पिऊन लाटांसारखा होतो. म्हणून पावसाळा नको म्हटलं. बोट टेकवून डाग येत नाही म्हणजे वाळलं असं समजू नका. वर पांढरा कागद ठेवून नखाने दाबा, त्यावर काही उमटलं नाही तरच पुढे जा.

रोलर आणि काच स्वच्छ करायला रॉकेल ओतायची गरज नाही. आधी गोडं तेल आणि चिंधी, मग साबणाचं पाणी.

शिवण

ए-५ तुकड्यांच्या घड्या घाला. हाडाची घोटणी नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते. डमीप्रमाणे चार फर्मे करा. क्रम एकदा तपासा, मग पुन्हा एकदा.

आता छिद्रांचा नमुना: १४८ मिलिमीटरची कागदाची पट्टी घडी घालून तिच्यावर वरून १२, ४२, ५३, ९५, १०६ आणि १३६ मिलिमीटरवर खुणा करा. ४२-५३ आणि ९५-१०६ यांच्यामधून दहा मिलिमीटर रुंदीची सुती नाडी जाणार आहे. हा नमुना प्रत्येक फर्म्याच्या घडीत ठेवून टोच्याने आतून बाहेर भोकं पाडा. दोरा लिननचा किंवा गोधडी शिवायचा जाड सुती, साधारण ९० सेंटिमीटर. मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही आणि टाका घसरत नाही.

पहिला फर्मा टेबलाच्या कडेशी ठेवा, दोन नाड्या कडेवर चिकटपट्टीने उभ्या लावा. सुई बाहेरून १२ मधून आत, शेपूट बाहेर सोडा. आतून ४२ ला बाहेर, नाडीवरून जाऊन ५३ मध्ये आत, ९५ ला बाहेर, दुसऱ्या नाडीवरून १०६ मध्ये आत, १३६ ला बाहेर. दुसरा फर्मा वर ठेवा, त्याच्या १३६ मध्ये आत, तसंच उलट जात १२ ला बाहेर. इथे सोडलेल्या शेपटाशी गाठ मारा. तिसरा फर्मा १२ पासून १३६ पर्यंत. बाहेर आल्यावर सुई पहिल्या दोन फर्म्यांना जोडणाऱ्या टाक्याखालून काढा आणि तयार झालेल्या फासातून ओढून घ्या, ही साखळीगाठ. चौथा १३६ पासून १२ पर्यंत, शेवटी पुन्हा साखळीगाठ आणि पक्की गाठ. दोरा ओढताना नेहमी कण्याला समांतर ओढा. काटकोनात ओढला की घडी फाटते, आणि ती दुरुस्त होत नाही.

कण्यावर पातळ फेव्हिकॉलचा एक हात द्या, त्यावर मलमलीची पट्टी. पुढे आणि मागे हातकागदाचं घडी घातलेलं अस्तरपान, तीन मिलिमीटर रुंद चिकटवून.

पुठ्ठा

दोन मिलिमीटर जाडीचे पुठ्ठे, प्रत्येकी १०३ बाय १५४ मिलिमीटर. पुस्तकाची जाडी मोजा आणि त्यात दोन्ही पुठ्ठ्यांची जाडी मिळवा, म्हणजे कण्याची पट्टी. साधारण सात मिलिमीटर भरेल. कण्याची पट्टी आणि पुठ्ठा यांच्यात दोन्ही बाजूंना सात मिलिमीटरची मोकळी फट ठेवा. याच फटीत पुस्तक उघडतं. पुठ्ठ्यालाही दिशा असते. तीसुद्धा कण्याला समांतर.

कव्हरसाठी जुनी सुती साडी छान दिसते, पण तिच्यातून खळ झिरपून वर डाग पडतात. साडी वापरायची तर तिला आधी मागून पातळ कागद खळीने चिकटवून पूर्ण वाळवा. कापड सगळ्या बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर जास्त घ्या, कोपरे पंचेचाळीस अंशांत छाटा, पण पुठ्ठ्याच्या टोकाला अगदी लागून नाही. तीन मिलिमीटर सोडा, नाहीतर दुमडल्यावर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो.

अस्तरपान कव्हरला चिकटवायला फेव्हिकॉलपेक्षा खळ बरी. ती हळू वाळते, त्यामुळे पान सरकवून जागेवर बसवता येतं. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर सारखं ढवळत पारदर्शक होईपर्यंत. जुने बाइंडर त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे. घालणार असाल तर भांडं आणि चमचा स्वयंपाकघरातला नको. मी घालत नाही, लागेल तेवढीच ताजी खळ करतो.

अस्तरपानावर खळ लावताना त्याच्या आत रद्दी कागद ठेवा, खळ लावून झाली की तो काढून घ्या, आणि अस्तरपानाच्या घडीत प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवा म्हणजे ओलावा पानांत जाणार नाही. पुस्तक बंद करून पुठ्ठ्याच्या तिन्ही कडा सारख्या बाहेर आल्या आहेत का ते पाहा. फटीत विणकामाची सुई दाबून खाच पाडा. मग दोन फळ्यांमध्ये ठेवून वर धान्याचे डबे, रात्रभर. मध्ये उघडून बघायची घाई केली की पुठ्ठा बाकतो.

ठसे आणि वही

शेवटच्या पानावर प्रतीचा क्रमांक पेन्सिलीने टाका, ३/८ असा. पहिली प्रत ज्या दुकानांच्या पाट्या घेतल्या त्यांच्यातल्या कुणाला तरी द्या.

पोर्टफोलिओत नुसते तयार पुस्तकाचे फोटो ठेवले तर ज्युरीतले लोक ते दोन सेकंदांत उलटतात. डमी, बुजलेल्या 'ळ'चा ठसा, ९७ मिलिमीटर भरलेली झेरॉक्स आणि त्यानंतरची बरोबर आलेली, असं शेजारी शेजारी लावा. निर्णय कुठे आणि का बदलला हे त्यातून दिसतं, आणि प्रश्नही त्यावरच येतात. त्यासाठी कामाच्या टेबलावर एक वही उघडीच ठेवा आणि मापं, शाईचं प्रमाण, वाळायला लागलेले दिवस तिथल्या तिथे लिहा. आठवणीतून नंतर लिहिलेलं निम्मं खोटं असतं.

कोरलेले लिनो धुवून, वाळवून, पावडर शिंपडून वर्तमानपत्रात गुंडाळून सपाट ठेवा, उभे नाही. उभे ठेवले तर वाकतात आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मधला भाग छापला जात नाही. गुंडाळीवर बाहेरून पानाचा क्रमांक लिहा.